सगळ्यांना दिसणारं अक्षर

आमच्या दारच्या खोलीत एक भाडेकरू राहायचा. गावातले लोक त्याला वेडा म्हणायचे. मीही म्हणायचे, पण तोंडावर म्हणायचे, एवढाच फरक. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं लिहितात, तसलं हे नाही. तो जिवंत आहे, गेवराईला राहतो, आणि हे वाचलं तर आधी अक्षर कुठलं वापरलंय ते बघेल.

पन्नाशीचा, बीडचा. वाण्याच्या घरात जन्मला, पण कधी तागडी हातात धरली नाही. भाऊ किराणा दुकान सांभाळायचे आणि हा लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायचा. पुढं इंटरनेटवरची पानं बनवायला लागला. खताचं दुकान, शाळा, मंगल कार्यालय, ज्याला पाहिजे त्याचं पान. भावांशी पटेना म्हणून घर सोडलं. मी विचारलं, "आरं, पर चकलांब्यालाच का म्हून आलास? हितं लाईट टिकत न्हाई, नेट तर नुसतं रडतंय."

"म्हणूनच आलो, मावशी," तो म्हणाला. "बीडला सगळं चांगलंच दिसतं. इथं जे दिसंल ते कुठंबी दिसंल."

मला वाटलं, भाडं कमी आहे म्हणून आला असेल. तसं नव्हतं.

त्याचा दिवस कपडे वाळत घालायच्या दोरीपासून सुरू व्हायचा. छापलेला कागद माझ्या लुगड्याशेजारी चिमट्यानं लावायचा आणि त्याच्याकडं तोंड करून एकेक पाऊल मागं जायचा. वाचता येईनासं झालं की थांबायचा, पायानं मातीत रेघ मारायचा. मग दुसऱ्या अक्षरातला कागद. पुन्हा मागं. एकदा असाच मागं जाता जाता म्हशीच्या हौदात बसला. म्हैस दावणीला होती, तिनं पाणी पिणं थांबवून त्याच्याकडं बघितलं. हा हौदातूनच मला म्हणतो, "मावशी, हे अक्षर चांगलंय. इतक्या लांबून वाचता आलं."

"मग आता तितंच ऱ्हा," मी म्हटलं.

मी चौथी शिकलेली. एका डोळ्यात मोतीबिंदू, तेव्हा अजून काढला नव्हता. त्यामुळं मी त्याच्या फार कामाची होते. कामाला लागले की खिडकीतून हाक यायची, "मावशी, जरा वाचा." मी पिठाचे हात तसेच घेऊन उभ्यानं मोठ्यानं वाचायचे. युरिया, बियाणं, प्रवेश सुरू, जे असेल ते. तो पडद्याकडं बघायचाच नाही, माझ्या तोंडाकडं बघायचा. मी जिथं अडखळले तिथं त्याला काहीतरी खटकायचं. कुठं ओळी इतक्या दाटीनं असायच्या की वरची मात्रा कापली जायची. कुठं 'दुसऱ्या'तला तो अर्धा र असा काही तुटायचा की मला तिथं कोळी बसल्यासारखा वाटायचा. तो लगेच बदलायचा. शाळेतल्या गुरुजींनी मला वाचताना अडखळले म्हणून छडी मारली होती. हा मी अडखळले म्हणून खूश व्हायचा.

पण माझ्यावर त्याचं भागायचं नाही. पान तयार झालं की सायकल काढून गावभर फिरायचा. ग्रामपंचायतीतला कॉम्प्युटर, दूध डेअरीतला, खताच्या दुकानातला, ज्याच्या त्याच्या हातातला फोन. कोणी चहा पीत बसलेला दिसला की ह्याचं सुरू, "जरा उघडा की एवढं पान." डेअरीवाला त्याला लांबून बघितलं की शटर ओढायचा. "आला बे, आला अक्षरवाला," म्हणायचा. हा शटरखालून वाकून विचारायचा, "वेलांटी जागेवर हाय का?"

मी एकदा चिडून म्हटलं, "तुझ्या त्या कॉम्प्युटरच्या डब्यावर नीट दिसतंय ना? मग झालं की."

"माझ्याकडं दिसतंय ह्याला काय अर्थ हाय, मावशी? मी काय गिऱ्हाईक हाय का? ज्यानं वाचायचं त्याच्याकडं दिसलं पायजे."

हे तो दिवसातून एकदा तरी बोलायचा. जेवताना, आंघोळीच्या रांगेत, मयतीला गेला तरी.

मग त्यानं मला समजावून सांगितलं. अक्षराची वळणं वेगवेगळी असतात, त्यांना फॉन्ट म्हणायचं. सगळ्या कॉम्प्युटरांत सगळी वळणं नसतात. तुम्ही एखादं नटवं वळण घेऊन पान सजवलं आणि समोरच्याच्या डब्यात ते नसलं, तर त्याच्याकडं कधी नुसत्या चौकटी दिसतात, कधी वेलांटी अक्षर सोडून बाजूला उभी, मध्येच टिंबाटिंबाचं वर्तुळ. इंटरनेटवरून ते वळण धाडता येतं म्हणे, पण नेट आमच्यासारखं असलं तर ते येईपर्यंत माणूस उठून जातो. म्हणून हा आपल्या पानात सांगून ठेवायचा, आधी हे अक्षर बघ, हे नसलं तर ते, तेही नसलं तर तुझ्या घरात जे असेल ते लाव.

मी म्हटलं, "आसं व्हय. म्हैस विताना अडली की आपन माणूस धाडतो तसंच हाय की. आदी ह्याला बघ, त्यो न्हाई घावला तर त्याला, न्हाईतर वाटंत जो दिसंल त्याला घिऊन ये."

तो इतका खूश झाला की पुढं प्रत्येक गिऱ्हाइकाला अडलेल्या म्हशीची गोष्ट सांगायला लागला. गिऱ्हाइकं आणखी कमी झाली.

तशी ती आधीच कमी होती. त्याची पानं इतकी साधी असायची की पैसे कशाचे द्यायचे असं लोकांना वाटायचं. गेवराईचा एक मंगल कार्यालयवाला आला होता, गळ्यात साखळी, बोटांत अंगठ्या. ओट्यावर बसून म्हणाला, "अक्षरं कशी पायजेत सांगू का? नवरीवानी. नटलेली, झुलपं सोडलेली."

"नवरीचं तोंड तरी दिसू द्यायचं का न्हाई?" भाडेकरू म्हणाला.

"तोंड कशाला? नाव वाचून कोण येतंय? थाट बघून येतेत."

"मग पत्ता कशात लिहू? तोबी नटवू का? वऱ्हाड शिरंल दुसऱ्याच्या मांडवात."

तो माणूस चहा न पिता गेला. चहा मी केला होता, म्हणून मला राग आला.

हे खूळ कुठून शिरलं ते त्यानं एकदाच सांगितलं, तेही हसत. पहिलं मोठं काम एका शाळेचं. स्वतः शोधून एक अक्षर लावलं होतं, रात्रंदिवस खपला होता. शाळेच्या कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर ते पान उघडलं, तर सगळ्या पानभर चौकटी. एक अक्षर नाही. आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "चौकटींना वाजवल्या, मावशी. त्यांना वाटलं नक्षी हाय. शिव्या दिल्या असत्या तर मी विसरलो असतो."

आता आमच्या म्हाताऱ्याचं सांगते.

आमचा म्हातारा, म्हणजे माझा नवरा, तेव्हा विसरायला लागला होता. आधी चष्मा विसरायचा, मग जेवलेलं विसरायचा, मग मला. सकाळी विचारायचा, "बाई, तुमी कोन्या गावच्या?" मी सांगायचे, "हितल्याच. च्या घ्या." पोरगा फौजेत, लांब. घरात मी आणि सून. दोघी नजर ठेवायचो. पण माणूस म्हणजे काही दावणीला बांधायची वस्तू नाही. तरणा असताना तो बैलगाडी घेऊन ऊस वाहायला जायचा. दिवाळी झाली, ऊसतोडीच्या गाड्या गावातून निघायला लागल्या, आणि त्या गडबडीत एका सकाळी तो नाहीसा झाला. धोतर, टोपी, पायात चपला. फोन वापरायचा नाही, खिशात कागद नाही.

विहिरी बघितल्या. गेवराईचं स्टँड बघितलं. गोदावरीच्या काठानं माणसं फिरली. चौकीत नोंद केली, त्यांनी फोटो पुढं पाठवला. ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या गावच्या सगळ्या मुकादमांना फोन केले, कोणाच्याच गाडीत नव्हता.

मग माझ्या दिरानं गेवराईत एका फ्लेक्सवाल्याकडून फोनवर पाठवायचं चित्र करून आणलं. तो फ्लेक्सवाला वाढदिवसाची आणि श्रद्धांजलीची चित्रं करायचा, हरवलेल्या माणसाचं कधी केलं नव्हतं. तयार चौकट होती ती त्यानं लावली. भोवती झेंडूच्या माळा, वर समई, मधे आमचा म्हातारा. खाली अक्षरं इतकी वळवलेली की जिलेबीचं ताट सांडल्यासारखी. चित्र एका दुपारत सगळ्या जिल्ह्यात गेलं. आणि उत्तरं यायला लागली. "भावपूर्ण श्रद्धांजली." "देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो." हात जोडलेले, फुलं वाहिलेली.

दुसऱ्या दिवशी पालीची माझी नणंद वेशीपासून रडत आली. मागं तिचा सगळा गोतावळा. माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, "माझा दादा गं! मला कळवलंबी न्हाई गं!"

"आगं गप," मी म्हटलं. "कोन म्हनलं गेला म्हनून?"

"फोनवर फोटो आलता की! झेंडूची माळ व्हती!"

"खाली ल्हेलेलं वाचलंस का?"

तिनं डोळे पुसले. "आसली आक्षरं का वाचायसाठी आसतेत वैनी? मला वाटलं कडंची येलबुट्टी हाय."

मी तिला चहा पाजला. पण हसण्यासारखं ते एवढंच होतं. ज्यानं ज्यानं तो फोटो बघितला त्याच्या लेखी आमचा म्हातारा मेला होता. स्टँडवर, ढाब्यावर सुनेनं विचारलं तर लोक म्हणायचे, "ते तर वारले ना?" मेलेल्या माणसाला कोण शोधतं? तो कुठंतरी जिवंत फिरत होता, थंडी पडायला लागली होती, आणि आम्हीच आमच्या हातानं त्याला मारून बसलो होतो.

भाडेकरू सकाळपासून दारात उभा होता. आत येऊन म्हणाला, "मावशी, मी पान करतो. इंटरनेटवर. चित्रातलं अक्षर कुणाला शोधून सापडत न्हाई, ते नुसतं चित्र असतंय. मी खरं अक्षर लिहितो. तुमी सांगा."

मी सांगितलं, त्यानं लिहिलं. लिहून झाल्यावर मी म्हटलं, "फोटो कुठंय?"

"फोटो नको. जड होतो. पान उघडायला येळ लागंल."

"मेल्या, माणूस हरवलाय, आक्षर न्हाई हरवलं! फोटो लाव."

"आधी अक्षरं पोचली पायजेत..."

"त्याचं तोंड कसंय ते तुझं आक्षर सांगनार हाय का? लाव म्हनते ना."

त्यानं खालमानेनं फोटो लावला, बारीक करून, लिखाणाच्या खाली. त्याच्या जन्मात त्यानं मनाविरुद्ध केलेली ती एकच गोष्ट असावी.

मला वाटलं, झालं. कसलं काय! सायकल काढली. ग्रामपंचायत, डेअरी, खताचं दुकान. परत आला, काहीतरी बदललं, पुन्हा गेला. गेवराईला जाऊन आला. मी दारात बसून बघत होते आणि माझं डोकं फिरत होतं. शेवटी आडवी गेले.

"म्हातारा तिकडं गारठतोय आन तू हितं वेलांट्या मोजत हिंडतोस? लाज न्हाई वाटत?"

तो सायकलवरून उतरला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "मावशी, ज्यानं हे पान बघायला पायजे तो माणूस कोण, म्हाईत हाय का आपल्याला? तो कुठं बसलाय, त्याचा डबा किती जुना, त्याच्यात कंची अक्षरं हायत? हजारांनी बघितलं आन त्या एकाकडं चौकटी दिसल्या तर आपुन काय केलं मग?"

मी बाजूला झाले. पटलं म्हणून नाही, वाद घालायला अंगात जीव नव्हता म्हणून.

पान लागलं. पुढं काहीच झालं नाही. सून दिवसभर फोन हातात धरून बसायची. नणंद परत पालीला गेली, जाताना रडावं की नाही तिला कळेना. भाडेकरूनं दोरीवर कागद लावणं बंद केलं होतं. खिडकीतून हाक येईनाशी झाली. मला ती शांतता म्हाताऱ्याच्या नसण्यापेक्षा जास्त टोचायला लागली, खरं सांगते.

मग एक दिवस भर दुपारी फोन आला. कर्नाटकातून, एका साखर कारखान्यावरून. शेतकी ऑफिसातला कारकून होता, मराठी येणारा. म्हणाला, "आजी, गाडीतळावर एक आजोबा बैलांजवळ बसून असतात. गाडीवाले भाकरी देतात म्हणून आहेत. नाव विचारलं तर सांगत नाहीत, नुसतं चकलांबा, चकलांबा. म्हणून मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चकलांबा, हरवलेले आजोबा, असं टाकून बघितलं. तुमचं पान आलं. वाचलं, मग खाली फोटो आला. तेच आहेत."

आमच्या गावची कुठलीच टोळी त्या कारखान्यावर जात नाही. म्हातारा पन्नास वर्षांपूर्वी जायचा. परगावच्या कुठल्यातरी गाडीत चढून बसला असणार.

सुनेनं फोन माझ्या हातातून घेतला, रडायला लागली. भाडेकरूनं तिच्या हातातून घेतला. "साहेब, कॉम्प्युटर कंचा हाय तुमचा? अक्षरं जाड दिसली का बारीक?" मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि फोन काढून घेतला.

जीप करून आम्ही निघालो, मी, दीर आणि तो. त्याला कोणी चल म्हटलं नव्हतं, तो आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसला होता.

कारकुनानं म्हाताऱ्याला ऑफिसात आणून बसवलं होतं. वाळला होता. दाढी वाढलेली, अंगावर कुणीतरी दिलेली घोंगडी. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यानं माझ्याकडं बघितलं, दिराकडं बघितलं, आणि तोंड फिरवलं. दिरानं हात धरला तर हिसका मारला. "कोन बे तू? मला कुटं नेतोस? माझी बैलं हितं हायत." दिरानं समजावलं, मी समजावलं, गावाची नावं घेतली, पोराचं नाव घेतलं. तो खुर्ची घट्ट धरून बसला. अनोळखी माणसं आपल्याला पळवून न्यायला आलीत असंच त्याला वाटत होतं. आता ह्याला बांधून न्यायचा की काय, असं झालं.

भाडेकरू आमच्याकडं बघतच नव्हता. तो कारकुनाच्या टेबलामागं जाऊन उभा होता. कॉम्प्युटर जुना, पिवळा पडलेला, डब्यासारखा. त्यावर आमचं पान उघडं होतं. ते आमच्या घरी दिसायचं ते अक्षर नव्हतं. जाडं, ठेंगणं, चांगलं म्हणावं असं काही नाही. भाडेकरू पुटपुटला, "पहिली दोन्ही न्हाईत ह्याच्यात. तिसरं लागलंय." मग त्यानं तो जड पडदा दोन्ही हातांनी म्हाताऱ्याकडं वळवला आणि म्हणाला, "आजोबा, जरा वाचता का?"

म्हातारा सातवी शिकलेला. माणसं विसरला होता, वाचणं विसरला नव्हता. त्यानं वाकून पडद्यावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागला.

"चकलांबा, तालुका गेवराई, येथील वृद्ध गृहस्थ हरवले आहेत. ते जिवंत आहेत. धोतर, पांढरी टोपी. डाव्या कानाची पाळी फाटलेली..."

इथं तो थांबला. दुसऱ्या हातानं आपला डावा कान चाचपून बघितला. बराच वेळ पाळी बोटात धरून बसला. मग पुढं वाचलं.

"बैलं दिसली की तिथंच बसतात. ओरडलं तर चिडतात. त्यांना घरी आणावे. घरी वाट पाहत आहेत."

कुठंच अडखळला नाही. भाडेकरू पडद्याकडं नाही, त्याच्या तोंडाकडं बघत होता.

म्हातारा फोटोकडं वळला. निरखून बघितला. मग खुर्ची सोडून उठला, घोंगडी नीट खांद्यावर घेतली, टोपी सारखी केली.

"चला बरं," तो कारकुनाला म्हणाला. "घरी वाट बघायलेत म्हनं. आसं बसून कसं जमंल?"

दारापर्यंत आला आणि माझ्यापाशी थांबला. "बाई, तुमीबी चकलांब्याच्याच का?"

"व्हय," मी म्हटलं. "त्याच घरची हाय. चला."

ह्या वेळी हात धरू दिला.